डावीकडून तिसरा

शनिवार, रात्री उशिरा

सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’ 1974 मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीतर्फे स्वतः दिग्दर्शित करून रंगमंचावर आणले. चाळीत राहणारे भाऊराव मरतात, मेल्यावर स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतात आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतात. ते स्मशान तर बंद झालेले असते. एवढे सांगितले तरी ऐकणारा हसतो, आणि आमचे नटही त्याच हशाच्या भरवशावर तालमीला येत असल्यामुळे चाळकऱ्यांचे प्रसंग स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यासारखे होत होते.

आज संवाद बाजूला ठेवून मी सगळ्यांना नुसती तिरडी बांधायला लावली. आमच्यातल्या एकाला ते काम खरोखरच येते (ओळखीपाळखीतल्या मयतीला पहिले बोलावणे त्यालाच असते). कामट्या किती अंतरावर घ्यायच्या, सुंभाची गाठ कुठे मारायची हे त्याने दाखवले आणि मंडळी त्यात इतकी गुंतली की बांबूच्या भावावरून वादही झाला. त्या वादाच्या मध्येच भाऊराव उठून बसले, तरी कोणी मान वर करून पाहिले नाही. मला हवे होते ते नेमके हेच.

अडचण निघाली ती कापसाच्या बोळ्यांची. ते नाकात ठेवून आख्यान लावले की आवाज गेंगाणा होतो आणि कीर्तनाची थट्टा वाटते. कीर्तन मात्र अस्सलच रंगले पाहिजे, नाहीतर मढे गाते यात उरते काय? शेवटी भाऊरावांनी स्वतःच बोळे काढून, नीट चेपून धोतराच्या कनवटीला खोचावेत असे ठरले, कारण कापूस टाकून देणे त्या घरात बसत नाही.

भाऊरावांच्या बायकोची, रमेची भूमिका करणारीने तालीम संपता संपता विचारले की चाळकऱ्यांमधला ‘डावीकडून तिसरा’ तिच्या मनात भरतो, तो कोणाच्या डावीकडून, तिच्या की प्रेक्षकांच्या? रांगेत सध्या सहा जण आहेत, त्यामुळे दोघे वेगळे ठरतात. पाचच ठेवले तर कुठूनही मोजा, तिसरा तोच. सहाव्याला आता कीर्तनाच्या साथीला टाळ घेऊन बसवावे लागेल. तो रुसणार हे नक्की, शिवाय त्याचा ताल कच्चा आहे.