घाटावरचा समुद्र : आमची वाटचाल

कोल्हापुरात माशांचा धंदा आहे म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, पापलेट ताजं आहे का? दुसरा, फ्लॉवरहॉर्न मासा ठेवता का? आमच्याकडं दोन्ही मिळत नाही. घरात, दवाखान्यात, क्वचित एखाद्या हॉटेलात आम्ही खाऱ्या पाण्याचे रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे असलेल्या काचेच्या टाक्या, बसवून देतो, ते सांभाळतो आणि त्यांचे फोटो काढतो. यातलं तिसरं काम आधी सुरू झालं. बाकीचा धंदा त्याच्या मागनं आला.

आमचं घर फोटोवाल्यांचं. वडिलांचा स्टुडिओ होता. पासपोर्ट, स्थळासाठी काढायचे फोटो, लग्न, बारसं, दहावीच्या निरोपाचे ग्रुप फोटो. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात कॅमेरा स्वतः तयार केला त्या गावात फोटोग्राफरला मान कमी नव्हता, पण मोबाइल आला आणि गिऱ्हाईक घटलं. मी गुजरीतल्या सराफांच्या दागिन्यांचे फोटो काढायला लागलो. मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, चकाकी मारायची पद्धत, हे सगळं तिथं हाताखालनं गेलं. त्यातल्याच एका सराफांच्या घरी मरीन टँक होता. त्यांची तक्रार साधी होती : "टाकीत हिरवं, केशरी काय झळकतंय बघा की! मोबाइलात मात्र नुसती शाई सांडल्यागत निळं."

त्या निळ्याचं कारण दिव्यात असतं. रीफ टँकवरच्या एलईडीत ४२० ते ४६० नॅनोमीटरचा निळा उजेड भरपूर असतो. कोरलच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला तो लागतो, कारण त्या उजेडावर ते शेवाळ अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं कोरलला देतं. शिवाय काही कोरलच्या पेशींत अशी प्रथिनं असतात की ती निळा उजेड शोषतात आणि हिरवा, केशरी बाहेर टाकतात. डोळा हे सगळं सांभाळून घेतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवायची सोय, एवढ्या निळ्यापुढं हात टेकतो, फोटोतली निळ्या रंगाची वाहिनी भरून फाटते आणि बाकीचे रंग तिच्याखाली गाडले जातात. उपाय म्हणजे रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये शूट करायचं, व्हाइट बॅलन्स दहा हजार केल्व्हिनच्या आसपास किंवा कॅमेरा देईल तितका वर न्यायचा आणि लेन्सपुढं पिवळी-केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, धरायची. स्टुडिओत नाटकाच्या फोटोंसाठी ठेवलेल्या जेलच्या पट्ट्या होत्याच. त्यातलीच एक कामाला आली.

बाकी सगळी शिस्त आहे. काच आतून चुंबकी घासणीनं तासभर आधी पुसायची. घासली आणि लगेच फोटो काढला तर शेवाळाचे कण पांढरे ठिपके होऊन येतात. वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) आणि स्किमर (फेसातनं घाण काढणारं यंत्र) थोडा वेळ बंद ठेवायचे. खोलीतले दिवे बंद. लेन्स काचेला अगदी काटकोनात पाहिजे, जरा तिरकी झाली की काच आणि पाणी मिळून कडांना रंगाची झालर लावतात. साध्या काचेत लोहामुळं हिरवट झाक असते, म्हणून आता आम्ही नवीन टँकला पुढची काच तरी लो-आयर्नचीच घ्यायला लावतो. आणि अंगात काळा शर्ट, नाहीतर फोटोत कोरलच्या मधोमध आपलंच पोट. वास्तुशांत होऊन आठवडाही झालेला नसतो अशा घरात काळा शर्ट घालून शिरलं की तिथल्या आजींच्या कपाळाला आठी पडते. पण त्याला इलाज नाही.

सराफांकडं महिन्याला जाऊन फोटो काढायला लागलो. कोन तोच, लेन्स तीच, दिव्याचं सेटिंग तेच, आणि कडेला करड्या रंगाचं कार्ड. दोन-चार खेपांचे फोटो शेजारी शेजारी लावले तेव्हा लेदर कोरलच्या वरचे केसांसारखे पॉलिप प्रत्येक वेळी थोडे कमी बाहेर आलेले दिसले. रोज समोर बसणाऱ्याला हे कळत नाही, कारण रोजचा फरक नजरेत भरत नाही. माझी बायको तेव्हा पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. ती म्हणाली, "अहो, पेशंटचा एक्सरे काढून नुसता बघत बसलाय. रक्त कोण तपासणार?"

तिनं पाणी तपासलं. नायट्रेट वाढलं होतं, क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाणही वर होतं. आमचा धंदा खऱ्या अर्थानं तिथं सुरू झाला आणि आजही त्याचा कणा तिच्याकडंच आहे. माशांची नावं मला जास्त येतात, पाणी तिला कळतं. अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटची) टेस्ट ती करते तेव्हा बघण्यासारखी असते : पाच मिलिलिटर पाणी, त्यात रसायनाचा पहिला थेंब पडला की निळं, मग एकेक थेंब मोजत, नळी हलवत, आणि ज्या थेंबाला निळ्याचं पिवळं होईल तो आकडा म्हणजे डिग्री. आठ-नऊ आला की ती नुसती मान हलवते. प्रत्येक गिऱ्हाइकाला महिन्याचा रिपोर्ट जातो, अगदी रक्ताच्या रिपोर्टसारखा : तापमान, क्षारता, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट आणि शेजारी नेहमीच्या जागेवरनं काढलेला फोटो. एक डॉक्टर गिऱ्हाईक तो रिपोर्ट आधी शेवटच्या रकान्यापासनं वाचतात, सवयीनं.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "कोकणात जाणं होतंच, कॅन भरून आणतो की." गगनबावड्याचा घाट उतरला की समुद्र फार लांब नाही, हे खरं. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचा गाळ, होड्यांचं डिझेल आणि पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळलेलं असतं. आम्ही पाणी इथंच बनवतो. नळाचं पाणी आरओतनं, मग डीआय रेझिनमधनं (उरलेले क्षार धरणाऱ्या दाण्यांतनं) काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणायचे. स्वयंपाकघरातला आरओ चालत नाही, तो चवीसाठी क्षार मागं ठेवतो. मग लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मरीन सॉल्ट, रात्रभर पंप फिरवायचा, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) विशिष्ट गुरुत्व १.०२५ दिसलं की ते टँकच्या लायकीचं. मिठागरातलं मीठ का चालत नाही, हेही विचारतात. त्यात सोडियम क्लोराइड असतं, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम त्या प्रमाणात नसतं.

नवा टँक भरल्यावर मासे कधी, हा पुढचा प्रश्न. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत खडक आणि पाणी एवढंच. लहान पोरं रोज शाळेतनं येऊन "निमो आला?" विचारतात आणि आई-वडील आमच्याकडं बघतात. या काळात काही गिऱ्हाइकं सुटली. सुटू दे. अमोनियाच्या पाण्यात मासा सोडून पंधरा दिवसांनी दुसरा विकणारे दुकानदार आहेत, त्यांचा गल्ला आमच्यापेक्षा मोठा असेलही.

उद्यमनगरचा आम्हाला मोठा आधार. ओतकाम आणि लेथवाल्यांच्या या वस्तीत हवं ते कोणीतरी करून देतो. तीनशे लिटरचा टँक म्हणजे पाणी, काच, खडक आणि स्टँड धरून चारशे किलोच्या पुढंच वजन. शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या लाकडी माडीवर तो ठेवा म्हणणाऱ्याला आम्ही हात जोडतो. स्टँडचा सांगाडा एमएसचा (साध्या पोलादाचा), त्यावर इपॉक्सीचा लेप. पाण्याजवळचे स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे, कारण खाऱ्या हवेत ३०४ लाही गंजाचे डाग पडतात. मेस्त्रींना पहिल्यांदा हे पटलं नाही. "स्टील ते स्टील, ह्यात काय जात-पात?" म्हणाले. आता तेच दुसऱ्यांना सांगतात.

धातूचा विषय निघालाच आहे तर पितळेचं सांगतो. एका बंगल्यात टँक चांगला चालू होता. घराचं प्लंबिंग बदलताना तिथल्या प्लंबरनं आपणहून टँकच्या परतीच्या लाइनीवर पितळी व्हॉल्व्ह बसवला, प्लास्टिकचा टिकणार नाही म्हणून. चांगल्या मनानंच. पुढच्या खेपेला गोगलगायी काचेवरनं सुटून वाळूत उलट्या पडलेल्या, क्लीनर श्रिंप गायब, मासे मात्र मजेत. मासे मजेत आणि बिनकण्याचे जीव आडवे, हे दिसलं की तांब्याचा संशय घ्यायचा. पितळेत तांबं असतंच, खारं पाणी ते सोडवून घेतं आणि मग खडक ते शोषून हळूहळू परत देत राहतो. व्हॉल्व्ह काढला, कार्बन आणि तांबं धरणारी फिल्टर सामग्री लावली, तरी तो खडक शेवटी बदलावाच लागला. मासे आजारी पडले तर तांब्याचंच औषध देतात, पण ते वेगळ्या क्वारंटाइन टँकमध्ये. रीफमध्ये कधीच नाही.

कोल्हापूरची हवा या कामाला बरी. टँक २४ ते २६ अंशांत ठेवायचा असतो. एप्रिलच्या कोरड्या उन्हात पाण्यावर नुसता पंखा सोडला तरी बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. जूनमध्ये पाऊस लागला, हवा दमट झाली की पंखा निरुपयोगी, पण तेव्हा गरजही कमी असते. मुंबईकरांना चिलरशिवाय गत्यंतर नाही, आमच्याकडं बऱ्याच घरांत तो लागत नाही. पंख्यानं पाणी उडतं, मीठ मात्र मागं राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं धंद्याची परीक्षा घेतली. वीज नाही, नळ बंद, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. गिऱ्हाइकांकडं पोचणं शक्य नव्हतं, म्हणून फोनवरनं एकच गोष्ट सांगत राहिलो : दिवे, स्किमर, सगळं विसरा, इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर तेवढा ठेवा आणि त्याचं तोंड पृष्ठभागाकडं वळवा. खायला घालू नका. कोरल अंधारात काही दिवस काढतं, ऑक्सिजनवाचून मासा काही तासांतही जाऊ शकतो. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर नव्हता त्यांनी बॅटरीवरचे एअर पंप लावले, ते आम्ही करार करतानाच हातात ठेवायला देतो. आमच्या पिंपांतलं आरओचं पाणी त्या आठवड्यात गल्लीच्या स्वयंपाकाला गेलं. पूर ओसरल्यावर बायकोनं नोकरी सोडली, कारण एका वेळी इतक्या टाक्यांचं पाणी तपासायचं होतं की लॅब सांभाळून ते होईना.

आम्ही काय विकत नाही, हेही सांगायला हवं. परदेशातले टँक मोबाइलवर दाखवून "अ‍ॅक्रोपोरा पाहिजे" म्हणणारे येतात; ते कठीण प्रवाळ आहे. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. समुद्रघोड्यालाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या समुद्रातनं ते काढणं, विकणं गुन्हा आहे, मग दुकानदार काहीही सांगो. आमच्या टाक्यांत लेदर, मशरूम, झोआ, झेनिया असे मऊ जीव आणि भट्टीतला सिरॅमिकचा खडक असतो. ज्याला खरं कठीण प्रवाळ बघायचंय त्याला मालवणला पाठवतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात ते आहे आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. पाण्यात तोंड घालून बघा, हात लावू नका.

फोटोबद्दलही आमचा एक हट्ट आहे. बाजारात कोरलचे फोटो गडद निळ्या उजेडात काढून, वर रंग चढवून टाकतात. कुरिअरनं घरी येतं ते तपकिरी. आम्ही प्रत्येक जिवाचे दोन फोटो देतो, एक निळ्या उजेडातला, एक पांढऱ्या. पांढरा बघून निम्मे लोक मागं सरतात. जे राहतात ते तक्रार घेऊन परत येत नाहीत.

आता रविवारी सकाळी स्टुडिओत गिऱ्हाइकांना मोबाइलनं टँकचे फोटो काढायला शिकवतो. फी नाही, केशरी जेलची एक पट्टी आमच्याकडनं, चहा मात्र ज्याचा त्यानं खालच्या टपरीवरनं मागवायचा. त्यांचे फोटो आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर येतात : दिवे पूर्ण लागल्यावर, ठरलेल्या खुणेवर उभं राहून, टाकीचा वरचा काठ दिसेल असा. काठाचा आग्रह बायकोचा. परवाच इचलकरंजीच्या एका दंतवैद्यांचा सम्प (खालची वेगळी टाकी) नसलेल्या दोन फुटी टँकचा फोटो आला. झोआ अर्धवट मिटलेले आणि पाण्याची रेघ काळ्या खुणेच्या बोटभर खाली. ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) फ्लोट अडकला होता. डॉक्टर एका पेशंटची दाढ काढत होते, म्हणून कंपाउंडरला फोनवर सांगितलं : पांढऱ्या कॅनमधलं गोडं पाणी, निळ्या कॅनमधलं खारं नव्हे, एकदम ओतायचं नाही, दिवसभरात थोडं थोडं. फ्लोट बदलायला मंगळवारी जातोय.