तुम्ही विचारलंत म्हणून: "लॅबमध्ये दिवसभर नक्की काय करता?"

लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, कुठेही "कॅन्सरवर काम करतो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे नक्की काय करता? आत्तापर्यंत "रिसर्च" म्हणून सटकायचो, पण परवा मामीने विचारलं आणि मामीला असं कटवता येत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पेशीला प्रोटीन बनवायचं तर जीनची कॉपी, म्हणजे एमआरएनए, रायबोसोमकडे, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राकडे, जाते, एवढं शाळेतलं आठवत असेल. शाळेत सांगत नाहीत ते हे की ही कॉपी सरळ पट्टी नसते, उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखी स्वतःतच गुरफटलेली असते. रायबोसोमचा छोटा भाग एका टोकाशी चढतो, सरकत सरकत सुरुवातीचा कोडॉन, म्हणजे "इथून प्रोटीन सुरू" ही तीन अक्षरी खूण, शोधतो आणि वाटेत गाठ आली की अडतो. ती गाठ सोडवतात ते हेलिकेस. माझं गिऱ्हाईक म्हणजे त्यातलं ईआयएफ४ए. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून गाठ मोकळी करतं, पण एकटं असेल तर महाआळशी, ईआयएफ४जी नावाचं दुसरं प्रोटीन जोडीला आलं की मग कामाला लागतं. याच्या खानदानाचं नाव डेड-बॉक्स, डी-ई-ए-डी ही चार अमिनो आम्लांची अक्षरं, कॅन्सरच्या लॅबच्या फळ्यावर हे लिहिलेलं बघून पाहुणे दचकतात.

आता खरी गंमत. ॲक्टिनसारख्या रोजच्या प्रोटीन्सच्या कॉप्यांची सुरुवात आखूड नि साधी, हेलिकेस थोडं कमी पडलं तरी निभावतं. पण मिक, सायक्लिन डी१ वगैरे प्रोटीन्स, ज्यांच्या जिवावर ट्यूमर वाढतो, त्यांच्या सुरुवातीलाच लांबलचक गुंता. त्यात मिक हे प्रोटीन अर्ध्या तासात अर्धं संपतं, म्हणजे सतत नवीन बनवायलाच हवं, म्हणून कॅन्सरची पेशी ईआयएफ४एवर भलतीच अवलंबून.

माझा दिवस जातो तो साखरेत. खरंच! नळीत तळाला ५० टक्के, वर १० टक्के असं सुक्रोजचं द्रावण भरायचं, वर पेशींचा रस हळूच सोडायचा, हात हलला की थर बिघडले, मग दोनेक तास थंड अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये गरगर. ज्या कॉपीवर जास्त रायबोसोम ती खाली जाते. आलेखावर एकट्या रायबोसोमचं एक शिखर आणि पुढे टेकड्यांची रांग, म्हणजे एकाच कॉपीवर दोन, तीन, चार असे रायबोसोम. ईआयएफ४ए अडवणारं औषध दिलं की टेकड्या बसतात आणि ते एकटं शिखर उंच होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी प्रिंट काढून टेबलावर चिकटवला होता.

हे औषध म्हणजे रोकाग्लेट्स, अग्लाया नावाच्या झाडांतून मिळतात, पहिलं १९८२ साली तैवानच्या झाडातून. आधी वाटायचं हे हेलिकेसला नुसतं बंद पाडतात, पण २०१६ मध्ये कळलं की उलट ते ईआयएफ४एला एमआरएनएमधल्या ए आणि जी अक्षरांच्या पट्ट्यांवर चिकटवून ठेवतात, म्हणजे गाठ सोडवणाराच रस्त्यात आडवा पडतो!

अग्लाया कडुनिंबाच्या कुळातली. हे सांगितलं आणि चुकलोच, मामी लगेच म्हणाली, "मग पाला वाटून घेतला तर?" नाही हो मामी, कडुनिंबात हे नसतंच, ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. निरोगी पेशींनाही ईआयएफ४ए लागतं, त्यामुळे ट्यूमर थांबेल आणि माणूस तगेल असा डोस सापडणं हीच खरी मारामारी आहे. झोटाटिफिन नावाचं याच जातीचं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंय, एवढंच मी छातीठोक सांगू शकतो.

"मग ते झाड स्वतःच कसं मरत नाही?" हे मात्र तिने भारी विचारलं. झाडाने आपल्या ईआयएफ४एमध्ये, औषध बसतं नेमक्या त्याच जागचं अमिनो आम्ल बदलून टाकलंय. आणि त्या झाडावर जगणारी एक परजीवी बुरशी आहे, तिनेही तीच जागा बदलून घेतलीय.

मामी म्हणाली, "बघ, भाडेकरूपण हुशार निघाला."