साका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर हा विषय मी हल्ली घरात काढत नाही, बायकोने हात जोडलेत.

प्रश्न नेहमी तोच असतो, गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडबद्दलचा. पेट्या भरायला येणारी पोरं विचारतात, मुंबईहून आलेले पाहुणे विचारतात, एकदा तर टेम्पोत शेजारी बसलेल्या बँकेच्या साहेबांनी विचारलं: "गन्स एन रोझेस नवीन काही काढत नाहीत म्हणून एवढे करवादता, मग ऐकायचं सोडत का नाही?" शेजारचे तात्या दर गणपतीत आरती आटपली की हळूच कोपर मारतात, "काय रे, तुज्या त्या केसाळ गोऱ्यांचा नवीन काय इला की नाय?"

इला नाय, तात्या.

देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत, वडिलांनी लावलेली. मी अकरावीला होतो तेव्हा, म्हणजे १९९२ च्या गणपतीत, लालबागचा चुलतभाऊ येताना एक कॅसेट घेऊन आला. 'यूज युवर इल्यूजन'. त्या नावाचे दोन आल्बम या लोकांनी १७ सप्टेंबर १९९१ ला एकाच दिवशी बाजारात आणले होते, दोन्ही मिळून तीस गाणी. एक तांबडा-पिवळा, दुसरा निळा-जांभळा. भावाकडे पैसे एकापुरते होते. त्याने निळा घेतला, कारण दुकानात तोच वर होता. तांबडा माझ्या हाती पडायला आणखी दोन वर्षं गेली. 'नोव्हेंबर रेन' त्या तांबड्यात आहे, म्हणजे जगाने रडून डोळे पुसल्यावर मी ते ऐकलं. आणि खरं सांगू? आमच्याकडे नोव्हेंबरच्या पावसाला कोणी गाण्यात घालणार नाही. कापलेलं भात भिजतं, कलमांना मोहोराऐवजी पालवी फुटते. फयान वादळ नोव्हेंबरातच आलं, २००९ ला. तो शब्द ऐकला की आधी माझ्या पोटात खड्डा पडतो, पियानो नंतर ऐकू येतो.

निळ्या कॅसेटची गंमत वेगळी. आमच्या पावसाळ्यात कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी धरते. दर श्रावणात मी स्क्रू काढून डबी उघडायचो, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून फीत पुसायचो, आणि बॉलपेनने परत गुंडाळायचो. मग आईच्या नकळत तांदळाच्या डब्यात ठेवायची. तरी पहिल्या गाण्याच्या, 'सिव्हिल वॉर'च्या, सुरुवातीची शीळ कायमची थरथरायला लागली, ताप आल्यासारखी. आज फोनवर तेच गाणं स्वच्छ वाजतं आणि मला वाटतं, यांनी काहीतरी चुकीचं लावलंय.

आता हिशेब बघा. पहिला आल्बम, 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन', १९८७. मग १९८८ ला एक छोटा. १९९१ ला ते दोन. १९९३ ला दुसऱ्यांची गाणी स्वतःच्या आवाजात. सहा वर्षांत एवढं. मग माणसं गळायला लागली. गिटारवाला इझी स्ट्रॅडलिन १९९१ लाच गेला होता, दुसरा गिटारवाला स्लॅश १९९६ ला गेला, बेसवाला डफ मॅकेगन १९९७ ला. नाव उरलं गायक ॲक्सल रोझकडे. आणि त्यानंतर मूळ गाण्यांचा आल्बम केव्हा? २३ नोव्हेंबर २००८. त्याच वर्षी डॉ. पेपर या शीतपेय कंपनीने थट्टेत जाहीर केलं होतं, की हा आल्बम या साली खरंच आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. आल्बम आला. कूपन घ्यायला एवढी झुंबड उडाली की कंपनीची वेबसाइट बसली. बँडपेक्षा कंपनीला वेळेत माल देणं जास्त अवघड गेलं, असं त्या वर्षी प्रथमच घडलं असावं.

तो आल्बम म्हणजे 'चायनीज डेमोक्रसी'. त्याच्यावर एक कोटी तीस लाख डॉलर उडाल्याच्या बातम्या तो यायच्या तीन वर्षं आधीच छापून आल्या होत्या. लोक म्हणतात वाईट आहे. वाईट नाही हो. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते समजायला तुम्हाला आधी साका कळला पाहिजे.

हापूस बाहेरून बघाल तर सोनं. कातडी ताणलेली, वास घरभर, कुठे डाग नाही. सुरी घातली की आत कोयीला लागून पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. त्याला आम्ही साका म्हणतो. तो बाहेरून ओळखता येत नाही, दलालालाही नाही, मलाही नाही. पेटी गिऱ्हाइकाच्या घरी उघडते आणि शिव्या इथे देवगडात ऐकू येतात. साका धरायची कारणं दोन-चार आहेत, तळपत्या कातळाची धग हे एक. पण एक कारण प्रत्येक बागायतदाराला ठाऊक असतं: फळ झाडावर जास्त दिवस ठेवलं तर साका वाढतो. म्हणून आंबा चौदा आण्यांवर काढायचा. रुपयातले चौदा आणे. देठाजवळचे खांदे वर आले, देठ खोलात बसला, की घळ, म्हणजे जाळी बांधलेली काठी, लावायची आणि उतरवायचा. उरलेले दोन आणे तो गवताच्या आढीत पुरे करतो. सोळा आणे झाडावरच होऊ दे म्हणणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा हावरा.

'चायनीज डेमोक्रसी' झाडावर राहिलेलं फळ आहे. मी ते शेकडो वेळा ऐकलंय, म्हणून बोलतो. चाली आहेत, आवाज आहे, मेहनत तर विचारूच नका. एकेका गाण्यात गिटारीवर गिटार, त्यावर व्हायोलिनं, त्यावर आणखी कोणा नव्या गिटारवाल्याचा हात. आणि मध्यभागी, कोयीपाशी, काहीतरी पांढरं पडलंय. ॲक्सलला चौदा आणे कळत नव्हते असंही नाही. 'ॲपेटाइट'मधले पाच जण एका खोलीत उभे राहून वाजवतायत हे आजही ऐकू येतं, कुठे कुठे घाईसुद्धा कळते, आणि ती घाईच गोड लागते. माझा राग ते थांबले याचा नाही. हापूस एका वर्षी धरतो, एका वर्षी रुसतो, ते आम्ही मान्य करून बसलोय. कल्टार, म्हणजे जबरीने मोहोर आणणारं औषध, घालून दरवर्षी ओरबाडलेली कलमं कशी दिसायला लागतात तेही बघितलंय. रिकामं वर्ष चालतं. झाडाला फळ आहे, तयार आहे, आणि मालक खाली उभा राहून "अजून थोडं" म्हणतोय, हे बघवत नाही.

पुढचं थोडक्यात. २०१६ ला स्लॅश आणि डफ परत आले. दौरा निघाला, तीन-साडेतीन वर्षं चालला, अठ्ठावन्न कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला. मला वाटलं, आता हे एका खोलीत बसतील. २०२१ पासून सुटी सुटी गाणी यायला लागली. पहिलं आलं 'ॲब्सर्ड'. लावलं, आणि ओळखीचं वाटलं. वाटणारच! हीच चीज २००१ मध्ये दुसऱ्या नावाने स्टेजवर वाजली होती. पुढचीही बरीचशी त्याच जुन्या साठ्यातली, वरून स्लॅशचा हात फिरवून आणलेली. आमच्या धंद्यात गेल्या साली उरलेला माल यंदाच्या पेटीत भरता येत नाही, निसर्ग ती सोय ठेवत नाही. गाण्यात जमतं.

वय झालं म्हणावं तर रोलिंग स्टोन्सचं काय? २०२३ ला त्यांचा नव्या गाण्यांचा आल्बम आला तेव्हा मिक जॅगर ऐंशी वर्षांचा होता. (त्याच्या आधीचा २००५ चा होता हे मला माहीत आहे. पुतण्याने ते लगेच काढून दाखवलं.)

हा पुतण्या मुंबईत शिकतो. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, त्याचा फोन आला: "काका, महालक्ष्मीला येतायत. १७ मे." आता मे महिना म्हणजे काय ते बागायतदाराला विचारा. २०१२ च्या डिसेंबरात ते मुंबईला आले होते तेव्हा मी फवारणीचं कारण सांगून गेलो नव्हतो. खरं कारण स्लॅश नव्हता, हे. या वेळी स्लॅश होता. तिकिटाच्या पैशांत पाच-सहा कलमांची फवारणी झाली असती. पण म्हटलं, जातो. कॅनिंगचा आंबा निघतच होता, गडी होते. विहिरीजवळची दोन कलमं तेवढी राहिली होती, घरच्या रसासाठी ठेवतो ती. खांदे वर आले होते. बायको म्हणाली, "ती काढून जावा." मी म्हटलं, आल्यावर काढतो, चार दिवसांत आणखी भरतील.

रेसकोर्सवर पुढे फोनांचं रान. ॲक्सल त्रेसष्ट वर्षांचा. वरच्या पट्टीत आवाज बारीक होऊन कुठेतरी निघून जायचा, परत यायचा. स्लॅशचा हात मात्र तसाच, टोपी तशीच. आमच्याकडे जत्रेला दशावतार असतो, आख्यान दरवर्षी ठरलेलं, राक्षस कसा मरणार ते पोरांनाही पाठ. तरी रात्रभर बसतो आम्ही, कारण संवाद लिहिलेले नसतात. त्या रात्री शंकासुर नवीन काय बोलेल ते त्यालाही माहीत नसतं. इथे मी तीन तास तेच शोधत होतो. दोन-तीनदा सापडलं. पियानो पुढे आला, 'नोव्हेंबर रेन' सुरू झालं आणि शेवटच्या सोलोमध्ये स्लॅशने एक सूर जरा जास्तच ओढला, कॅसेटवर होता त्यापेक्षा. तेवढ्यात माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर पडताना पुतण्याला म्हटलं, "बघितलंस ना, एक नवं गाणं नाही धड." तो घामाने निथळत होता, आवाज बसला होता. म्हणाला, "मला सगळंच नवीन होतं, काका." उत्तर बरोबर आहे. माझ्या प्रश्नाचं नाही, पण बरोबर आहे. तेहतीस वर्षं मी एका घरासमोर उभा आहे आणि हा आत्ता येऊन दार उघडं सापडलं म्हणून आत गेला. त्याचा जरा रागच आला मला.

रविवारी रात्री कोकणकन्या धरली. सोमवारी सकाळी कणकवलीला उतरलो तेव्हा आभाळ भरलेलं. काढू उद्या, म्हटलं, झोप झाली नव्हती. त्या वर्षी पावसाने मेमध्येच गाठलं, तुम्हाला आठवत असेल. मंगळवारपासून जो लागला तो थांबेचना. विहिरीजवळच्या कलमांखाली निम्मं फळ चिखलात, उरलेलं ओल्यातच घळ लावून उतरवलं आणि आढी घातली.

आठवड्याने आढी उघडली. वर काळे ठिपके होते, पण रंग चांगला आला होता. बायकोने पहिला आंबा ओट्यावर चिरला, आत बघितलं, काही बोलली नाही. दुसरा चिरला. तोही तसाच. मग दोन्ही फोडी ताटलीत ठेवून माझ्यासमोर सरकवल्या.

"घेवा, तुमची चायनीज डेमोक्रसी."

चमच्याने मधला पांढरा भाग काढून टाकला. कडेचा गर खाण्यासारखा होता. खाल्ला.