मंगळवार-शुक्रवार

टेलिफोन खात्यात असताना माझी बरीच वर्षं 197 वर गेली. लोक नाव सांगायचे, मी नंबर द्यायचे. स्वेच्छानिवृत्तीनंतर ऐरोलीतल्या आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी मला कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे आसपासच्या लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या केंद्रावर, घेऊन गेली, तेव्हा आवाजाची चिंता नव्हतीच. "काकू, तुमचा आवाज ऐकला की माणूस होल्डवर थांबतो," असं ती म्हणायची. पण आयुष्यभर मी उत्तरं दिली होती. प्रश्न कसा विचारतात ते मला येत नव्हतं, आणि हे येत नाही हे कळायला वर्ष गेलं.

केंद्र एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर. पूर्वी तिथे प्रयोगशाळेचं सामान ठेवायचे. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला गोधडी. ट्रान्समीटर 50 वॅटचा, म्हणजे आमच्या लहानपणीच्या पिवळ्या बल्बपेक्षा कमी. मनोरा 30 मीटरच्या वर नेता येत नाही. एवढ्यात आवाज दहा-बारा किलोमीटर जातो, मध्ये काही आडवं आलं नाही तर. आणि आमच्याकडे पारसिकचा डोंगर आहे.

पहिल्याच आठवड्यात तिथल्या पोरांनी मला इतिहास पाठ करून घेतला. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, जनतेच्या आहेत. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना असा रेडिओ चालवायची परवानगी मिळाली, 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. मग 2008 मध्ये तेलंगणातल्या पस्तापूर भागात संघम रेडिओ आला, तो दलित शेतकरी बायका चालवतात. आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहेच. पस्तापूरचं ऐकून मी जरा गप्प झाले. तिथे वस्तीतल्या बाया माइक धरतात, आणि इथे वस्तीबद्दल बोलायला ऐरोलीच्या टू बीएचकेमधली मी.

मला दिलेला कार्यक्रम शाळेबाहेरच्या मुलांवर होता. दिघ्याच्या वरच्या अंगाला, डोंगर पोखरून दगड काढायचे त्या बाजूला एक वस्ती आहे. सोलापूर, उस्मानाबादकडून आलेली माणसं. (धाराशिव म्हणायचं आता, पण त्यांच्याच तोंडी अजून उस्मानाबाद आहे.) मी तयारी करून गेले. 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 6 ते 14 वर्षं, मोफत आणि सक्तीचं, सगळं वहीत लिहून. पत्र्याच्या घरासमोर एक बाई भाकरी थापत होती. मी माइक वीतभर अंतरावर धरला आणि विचारलं, "तुम्ही मुलीला शाळेत का पाठवत नाही?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पाठवती की."

पुढे काही नाही. मी दोनदा वेगळ्या शब्दांत तेच विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे अजून आहे. चार मिनिटं आहेत, त्यातली साडेतीन माझी.

परत आल्यावर मी चिडून म्हणाले की बाई खरं बोलत नाही, शाळेतले गुरुजी तर म्हणतात मुलगी सारखी गैरहजर असते. एडिटिंगला बसणारा पोरगा मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाचा. कानावरचा हेडफोन न काढता तो म्हणाला, "काकू, तुम्ही चौकशी केलीत. गप्पा कुठे मारल्यात?"

मला राग आला. दोन दिवस टिकला.

पुढच्या खेपेला वही घरी ठेवली. रेकॉर्डर पिशवीत होता, पण आधी तासभर काढलाच नाही. भाकरीला पीठ कुठून आणता, सरपण मिळतं का, असलं बोलत बसले. मग पाण्यावर विषय आला आणि ती आपणहून सुरू झाली. मी विचारलं, आता हे रेकॉर्ड करू का? ती म्हणाली, करा की, मी काय चोरीचं बोलतीय का.

"शाळंला न्हाई पाठवत असं कोन म्हन्लं? सोमवारी जाती, बुधवारी जाती. मंगळवारी आन शुक्करवारी टँकर येतो. कवा येतो त्याचा नेम न्हाई. मी खडीवर, धनी खडीवर. हंडं कुनी लावायचं? धाकटा दीड वर्साचा हाय, त्याला कुठं ठिवायचा?"

मागे क्रशरची घरघर आणि मध्येच डंपरचा हॉर्न. तो आवाज काढून टाक, असं मी त्या पोराला सांगितलं. त्यानं काढला, मला ऐकवला, आणि परत घातला. आवाज काढल्यावर ती बाई जणू बँकेच्या काउंटरवर उभी राहून बोलत होती. तो म्हणाला ते बरोबरच होतं, त्याला तसं सांगितलं नाही एवढंच.

मी शाळेत गेले आणि गुरुजींना मुलीची हजेरी दाखवायची विनंती केली. त्यांनी कॅटलॉग उघडला. तिच्या नावापुढे 'गै' ची रांग होती. मी मंगळवारांवर बोट ठेवत गेले, मग शुक्रवारांवर. गुरुजी चष्मा वर करून बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच वरच्या नावापुढे बोट ठेवलं, मग खालच्या. तीन मुलींचं तेच. मुलगे एखाददुसरा. "मी रोज 'गै' लिहितो," ते म्हणाले, "आडवं कधी वाचलंच नाही." भला माणूस आहे. जनगणना आणि निवडणुकीची कामंही त्याच्याच डोक्यावर.

आता केंद्रावर प्रश्न आला. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. पाणीपुरवठ्याची प्रशासनानं दिलेली सूचना मात्र सांगता येते. मग टँकरला वेळ नसते, हे एका आईनं सांगणं म्हणजे काय? बातमी की शिक्षणाचा कार्यक्रम? दोन तास खल झाला, चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. आमचे समन्वयक घाबरट नाहीत, पण परवान्याची काळजी त्यांना करावीच लागते. शेवटी बाईचं बोलणं पूर्ण ठेवलं आणि माझी टिप्पणी उडवली. टिप्पणी चांगली होती असं मला अजूनही वाटतं.

कार्यक्रम लागला बुधवारी संध्याकाळी. वस्तीत कुणालाच ऐकू आला नाही. एक तर केंद्रापासून वस्ती लांब, त्यात एफएमची लहर सरळ रेषेत जाणारी आणि ही घरं डोंगराच्या कापलेल्या खोबणीत. बटणाच्या फोनला इअरफोनची वायर लावली की थोडी खरखर यायची, बस्स. ज्यांचा कार्यक्रम त्यांनाच ऐकू येत नाही, हे मला फारच लागलं. मग पेन ड्राइव्हवर घेऊन, ब्लूटूथवाला स्पीकर पिशवीत टाकून मी स्वतःच गेले. याला नॅरोकास्टिंग म्हणतात, हे नंतर कळलं.

बारा-पंधरा बाया आणि पोरं जमली. माझा आवाज आला तेव्हा कुणी ढिम्म हललं नाही. त्या बाईचा आवाज आला तशी सगळ्या तिच्याकडे वळल्या आणि ती पदर तोंडात कोंबून म्हणाली, "मी अशी बोलती व्हय?" मुलगी भावाला कडेवर घेऊन पुढेच बसली होती. पुढच्या भागात तिनं कविता म्हटली होती, आणि ती येणार हे तिला माहीत होतं.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. शुक्रवार होता. मी यायचा दिवस निवडताना एवढंही पाहिलं नव्हतं. क्षणात अंगण रिकामं. हंडे, कळशा, निळे ड्रम, सगळं उताराच्या दिशेनं. मुलीनं भाऊ माझ्या मांडीत ठेवला, "आज्जी, धरा जरा," आणि पळाली.

स्पीकर चालूच होता. तिची कविता लागली. दीड वर्षाचा पोरगा आवाज ओळखून स्पीकरच्या मागे जाऊन बघायला लागला, बहीण तिथे आहे का ते.