माझा अनुभव: तंगूस काढला, ब्रेडेड भरली आणि रील ‘बिघडलं’

माझ्या मासेमारीच्या रॉडवरच्या ज्या रीलला काहीच झालं नव्हतं, ते दुरुस्तीला पडून राहिलं आणि गरवायचे, म्हणजे गळाने मासे पकडायचे, ऐन दिवस माझ्या हातातून गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. तंगूस (साधी एकपदरी नायलॉन लाइन) सोडून ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेल्या) लाइनवर जायचा विचार असेल तर आधी एवढं वाचा.

विजयदुर्गच्या खाडीत मी वर्षानुवर्षं साध्या नायलॉनवर गरवलंय, ०.४० मिलिमीटरच्या. ब्रेडेड घेतली ती लांब फेकीसाठी. पीई २ ची (हा ब्रेडेडच्या जाडीचा क्रमांक) लाइन जेमतेम पाव मिलिमीटरची, पण ताकदीला त्या नायलॉनला हार जात नाही. दुकानातच रीलवर भरून घेतली. फरक पहिल्या फेकीलाच कळला. शिसं वाळूवरून खडकावर चढलं की ते थेट हाताला लागायचं. नायलॉनवर ही खबर ताणातच विरून जाते.

मग तांबोसा लागला. रॉड वाकला, मी हँडल फिरवतोय आणि लाइन काही आत येईना. ड्रॅग, म्हणजे जोरात ओढ बसली की स्पूलला (लाइन गुंडाळायच्या चकरीला) फिरू देणारा रीलचा ब्रेक, आवळला तरी तेच. मासा लाइन ओढत होता, पण ड्रॅगची करकर नाही. ही शांतता लक्षात ठेवा, सगळी खूण तिच्यातच आहे. मासा खडपात शिरला, लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला नायलॉनचा तुकडा) कालवांवर कापला गेला.

दुकानात रील दाखवलं. काउंटरवरूनच निदान झालं, ‘ड्रॅगचे वॉशर गेलेत.’ ठेवून घेतलं. फोन केला की पार्ट यायचाय, पुन्हा केला की माणूस रजेवर आहे. भरतीच्या चांगल्या वेळा येऊन जात होत्या आणि रील शहरात कुठल्यातरी खणात पडून होतं. शेवटी नवे वॉशर घालून, बिलासकट ते परत मिळालं. खाडीवर गेलो, पहिलाच बरा मासा लागला आणि पुन्हा तेच. हँडल फिरतंय, लाइन तिथेच, करकर नाही.

या वेळी मी दुकानात गेलो नाही. लाइनचं टोक पडवीच्या खांबाला बांधलं. काळा मार्कर घेऊन एक सरळ रेघ मारली, स्पूलच्या कडेपासून थेट गुंडाळलेल्या लाइनवर. ड्रॅग आवळून रॉड हळूहळू मागे ओढला. कडेवरची रेघ जागच्या जागी राहिली, लाइनवरची रेघ तिच्यापासून सरकत बाजूला गेली. अख्खी गुंडाळी स्पूलवर सैल बांगडीसारखी फिरत होती! ड्रॅग ठणठणीत होता. स्पूल फिरतच नव्हतं, मग करकर कुठून येणार? गुंडाळीवर अंगठा दाबून धरला की सरकणं थांबायचं. हे मला त्या दिवशी माझं मला सापडलं, आणि त्याचा आनंद त्या तांबोशापेक्षा कमी नव्हता.

कारण साधं आहे. नायलॉन ताणून गुंडाळला की आखडतो आणि स्पूलला आवळून बसतो. ब्रेडेडचे धागे पॉलिइथिलीनचे, अत्यंत निसरडे आणि जवळपास न ताणणारे. गुळगुळीत ॲल्युमिनियमवर ते पकड घेत नाहीत. दुकानात ही लाइन नुसती गाठ मारून सरळ भरली होती. हे सांगितल्यावर तिथे उत्तर मिळालं, ‘ब्रेडेडला होतंच असं.’ होतंच, तर मग वॉशरचे पैसे कशाचे?

उपाय अर्ध्या तासाचा. आधी स्पूलवर नायलॉनचे थोडे थर भरा, मग त्याला ब्रेडेड जोडा. मी डबल युनी गाठ मारतो, ब्रेडेडचे आठ वेढे, नायलॉनचे पाच. पैसेही वाचतात, कारण बारीक लाइनने स्पूल भरायचं तर ती खूपच लागते. नायलॉन नसेल तर स्पूलवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. भरताना ओल्या फडक्यात लाइन घट्ट धरा. सैल भरलेली ब्रेडेड माशाच्या ओढीने आतल्या थरांत रुतते आणि पुढची फेक मध्येच अडकते.

बाकी सवयी बदलाव्या लागतात. नायलॉनवर लांबचा मासा लागला की जोरात हिसका द्यावा लागायचा, अर्धा जोर ताणातच जायचा. ब्रेडेडवर तसा हिसका दिलात तर लहान माशाचा ओठच फाटतो. रॉड नुसता बाजूला खेचा, पुरे. ड्रॅगही आधीपेक्षा सैल हवा, आणि तो ब्रेडेडच्या नाही तर लीडरच्या ताकदीवर ठरवा. माझी पद्धत अशी: लाइनच्या टोकाला दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधायची, रील वर उचलायचं. बाटली जेमतेम सरकत खाली आली पाहिजे.

फेकल्यावर बेल (स्पूलवर लाइन गुंडाळणारी तारेची कमान) हँडल फिरवून पाडू नका, हाताने पाडा आणि लाइन एकदा ओढून ताठ करा. नाहीतर स्पूलवर सैल फास राहतो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. गळ खडकात अडकला तर लाइन हाताला गुंडाळून ओढू नका, बोट खोलवर कापतं. लाकडाच्या दांडक्याला गुंडाळून ओढा.

गळासाठी नायलॉनवरची नेहमीची क्लिंच गाठ ब्रेडेडवर घसरते, तिथे पालोमर मारा. नायलॉनचा लीडर मात्र हवाच, कालवांवर घासली की ब्रेडेड बघता बघता तुटते. म्हणून अगदी खडपाजवळ, पायापुढच्या पाण्यात गरवायचं असेल तेव्हा मी अजूनही पूर्ण तंगूसच लावतो. त्यासाठी दुसरं स्पूल घेतलंय, ते घरीच भरलं.