समासातला प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचं म्हटल्यावर मला आठवला तो उत्तरपत्रिकेचा समास. नववीची सहामाही होती. ‘हिमनदीचे कार्य’ या प्रश्नाखाली मी पाठ केलेलं सगळं उतरवलं होतं : यू आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ. भूगोलाच्या सरांनी पाचपैकी तीन गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं, ‘दरी तिथेच का?’

वर्गात विचारलं तर म्हणाले, “नकाशावर फूटपट्टी ठेव. दरी पट्टीला चिकटून गेली, की खालचा खडक बघायचा.” तेव्हा काही उमगलं नाही. गुण कापल्याचा राग तेवढा राहिला.

नोकरीसाठी स्कॉटलंडला गेलो. एका रविवारी इन्व्हर्नेसहून फोर्ट विल्यमच्या बसमध्ये बसलो. डाव्या हाताला लॉक नेस हे तळं, संपता संपेना. ३७ किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम दीड किलोमीटर, आणि काठ आखल्यासारखा सरळ. अर्कर्ट किल्ल्यापाशी उतरून पाण्याजवळ गेलो. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे पाणी कोऱ्या चहासारखं. काठापासून चार पावलांवर तळ दिसेनासा झाला. घडीचा नकाशा उघडला आणि त्यावर बसच्या पासाची कड ठेवली. लॉक नेस, लॉक ऑईक, लॉक लॉकी, पुढे लिनीची खाडी, सगळं एका रेषेत. सर, तुमचा आवाज ऐकू आला हो!

ही रेषा म्हणजे ग्रेट ग्लेन प्रस्तरभंग, जमिनीच्या कवचातली लांबलचक भेग. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासत आडवे सरकले. त्या घासणीत मधला खडक चुरडला गेला. दोन्ही अंगांना टणक खडक आणि मध्ये हा ठिसूळ पट्टा. आधी नद्यांनी तो पोखरला. मग गेल्या सुमारे पंचवीस लाख वर्षांत हिमयुगं पुन्हा पुन्हा आली आणि किलोमीटरभराहून जाड बर्फ याच वाटेने सरकला. बर्फ तळाचे दगड उपटतो आणि तेच कानशीसारखे तळावर घासत नेतो. भेगाळलेल्या खडकात त्याला उपटायला तुकडे आयतेच मिळतात. दरी जितकी खोल, तितका बर्फ जाड आणि त्याची घासणी जोरकस. लॉक नेस सुमारे २३० मीटर खोल आहे, पण त्याचं पाणी समुद्रसपाटीपासून फक्त १६ मीटर उंचीवर. म्हणजे तळ समुद्राच्याही दोनशे मीटर खाली! नदीच्या हातून एवढं होत नाही. बर्फ मात्र मागच्या रेट्याने चढावरही सरकतो.

माणसानेही याच भेगेचा फायदा घेतला. १८२२ साली खुल्या झालेल्या कॅलेडोनियन कालव्याच्या सुमारे ९७ किलोमीटरपैकी ३५ किलोमीटरच खणावे लागले. बाकीची वाट तळ्यांनी दिली.

घरी येऊन सरांना दोन पानी पत्र लिहिलं, सोबत तो नकाशा पाठवला. महिन्याभराने नकाशा परत आला. लॉक नेसला पश्चिमेकडून येऊन मिळणाऱ्या ग्लेन मॉरिस्टन या दरीभोवती पेन्सिलने गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, ‘मग ही आडवी का?’