ताई, मी आणि बोस्टनचा काउबॉय

बोस्टनला गेलं की लोक हार्वर्डला जातात, फ्रीडम ट्रेल चालतात, हार्बरवर बसून क्लॅम चावडर खातात. आम्हीही त्यातलं थोडंफार केलं, भाचीने हौसेने करवलं. पण ताईने नाशिकहून निघतानाच सांगून ठेवलं होतं की मला डब्ल्यूबीझेडचं आवार बघायचंय, बाकी काही राहिलं तरी चालेल. भाचीला कळेचना, टीव्ही स्टेशनचं आवार काय बघायचं? मग बोस्टनजवळच्या वॉलथमला तिच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघांनी तिला रेक्स ट्रेलर सांगितला, एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने मधेच तोडायचं असं करत रात्रीचे साडेबारा झाले.

तर आधी रेक्स कोण ते सांगतो. अमेरिकेत १९५० ते ७० च्या काळात जवळजवळ प्रत्येक शहराच्या टीव्ही स्टेशनचा मुलांसाठी स्वतःचा असा एक होस्ट असायचा. कुठे जोकर, कुठे जहाजाचा कप्तान, आणि बऱ्याच ठिकाणी काउबॉय. तो त्या गावापुरताच, शेजारच्या राज्यातल्या मुलांना त्याचं नावही माहीत नसायचं. बोस्टनचा काउबॉय म्हणजे रेक्स ट्रेलर. डब्ल्यूबीझेडवर, म्हणजे तिथल्या चॅनेल ४ वर, ‘बूमटाउन’ नावाचा त्याचा कार्यक्रम १९५६ ला सुरू झाला आणि १९७४ पर्यंत चालला, शनिवार-रविवार सकाळी. आणि हा नुसता हॅट घातलेला नट नव्हता हं. जन्म टेक्सासचा, १९२८ चा, घोडा आणि दोर तो लहानपणीच आजोबांच्या रँचवर तिथल्या गड्यांकडून शिकला होता. पुढे न्यूयॉर्कला ड्यूमाँट या टीव्ही नेटवर्कवर काम, मग फिलाडेल्फियात काउबॉयचा कार्यक्रम, आणि तिथून बोस्टन. घोड्याचं नाव गोल्डरश, सोनेरी रंगाचा पालोमिनो. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता त्यामुळे तो सोनेरी आहे हे आम्ही फक्त ऐकून होतो, पण ताई ठामपणे सांगायची की कळतोय ना सोनेरी, नीट बघ.

बाबा एमआयटीत पीएचडी करायला गेले तेव्हा आम्ही सगळेच गेलो, १९६९ च्या शेवटाला. बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमध्ये सेंट्रल स्क्वेअरजवळ तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण ताईला दोन वर्षांची असताना पोलिओ झालेला, उजव्या पायात मांडीपर्यंत कॅलिपर. लोखंडी पट्ट्या, गुडघ्यापाशी कुलूप, चामड्याचे पट्टे, खाली वेगळा बूट. बसायच्या आधी ते कुलूप हाताने वर ओढून सोडवायला लागायचं, टक् असा आवाज यायचा, अजूनही तो आवाज मला कुठेही ओळखता येईल. थंडीत लोखंड इतकं गार पडायचं की आई सकाळी आधी तो कॅलिपर हीटरपाशी ठेवायची आणि मगच ताईला चढवायची.

शनिवारी आई क्रीम ऑफ व्हीटचा उपमा करायची. रवा मिळायचा नाही, कढीपत्ता तर विसराच, पण मोहरीची फोडणी असली की घरात नाशिकचा वास यायचा. त्या बशा घेऊन आम्ही टीव्हीपुढे. रेक्स गोल्डरशवरून दौडत यायचा, गिटार वाजवून गायचा, चाबकाचे खेळ करायचा, मधूनमधून कार्टून लागायची, आणि बरोबर एक जोडीदार असायचा जो सगळा गोंधळ घालायचा. आमच्या वेळी तो सार्जंट बिली होता, बिल ओ’ब्रायन. त्याआधी कॅक्टस पीट, म्हणजे टेरेन्स करियर नावाचा नट. आणि सगळ्यात आधीचा, सगळ्यात लाडका पाब्लो, ते काम करणारे डिक किलब्राइड १९६७ लाच गेले त्यामुळे आम्हाला तो बघायलाच मिळाला नाही, शाळेतली मोठी मुलं त्याच्याबद्दल बोलायची तेव्हा आपलं काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. आता त्याबद्दल वाचताना मला एक गोष्ट खटकते ती इथेच लिहितो, पाब्लो हा मेक्सिकन दाखवायचे, आळशी आणि वेंधळा, मोडकं इंग्रजी बोलणारा. एखाद्या मेक्सिकन पोराने ते घरी बसून बघितलं असेल तर त्याला काय वाटलं असेल? रेक्सवर माझं प्रेम आहे म्हणून हे झाकून ठेवावं असं मला वाटत नाही.

पण ताईसाठी रेक्स वेगळ्याच कारणाने मोठा होता. स्टुडिओत दर आठवड्याला मुलं यायची, स्काउटचे गट, वाढदिवसवाली, असं करत करत २ लाखांहून जास्त मुलं त्या कार्यक्रमात येऊन गेली असं म्हणतात. आणि त्या मुलांत कुबड्यावाली, व्हीलचेअरवाली, पायात ब्रेस असलेली मुलंही असायची. वेगळी बाजूला बसवून ‘बघा बिचारी’ असं नाही, सगळ्यांच्यात. रेक्सचा तो आग्रहच होता. १९६१ मध्ये त्याने अपंग मुलांकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्यातून घोडागाड्यांचा तांडा काढला होता, वॅगन ट्रेन, आणि तोही अशा काळात जेव्हा तिकडेसुद्धा अशा मुलांना लोक घरातच ठेवायचे, नाहीतर सरळ संस्थेत पाठवून द्यायचे.

एका शनिवारी ताईने टीव्हीत एक मुलगी बघितली, हुबेहूब तिच्यासारखा कॅलिपर, फक्त डाव्या पायात. ती हसत होती आणि हात हलवत होती. ताई उठली, टीव्हीच्या अगदी जवळ गेली, बशी हातातच. काही बोलली नाही. त्या वेळेपर्यंत ताईने आपल्यासारखा पाय फक्त दवाखान्याच्या बाकावर बघितलेला होता, आणि नात्यागोत्यात तर तिच्या पायाचा विषय निघाला की सगळे आवाज खाली करायचे. मला तेव्हा काही कळलं नाही, मी बहुतेक तिला ‘बाजूला हो ना, दिसत नाहीये’ म्हणालो असेन.

मग सुरू झाला दोर. रेक्सचा रोप ट्रिक तिने बघून बघून पाठ केला. बाबांनी कपडे वाळत घालायची सुती दोरी आणून दिली, आजोबांच्या शेतावर कासरा कसा बांधतात ते त्यांना माहीत होतं, त्यांनी टोकाला छोटी पक्की गाठ मारून त्यातून सरकफास काढून दिला. ही कला सगळी मनगटाची आहे, पायाचा संबंध नाही! फास जमिनीला समांतर ठेवून गोल फिरवायचा, आणि प्रत्येक फेरीबरोबर हातातली दोरी बोटांत किंचित वळू द्यायची, नाहीतर पीळ बसतो आणि फास कोलमडतो. दोरी फार हलकी असली तरी जमत नाही, म्हणून ताई ती ओली करायची. खुर्चीत बसून, कुलूप सोडवलेला पाय पुढे पसरून ती तासन्तास हेच करायची आणि खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विचारायचे की हा सटासट आवाज कसला. वसंत ऋतूपर्यंत तिला चांगलं जमायला लागलं. गल्लीतली पोरं तिला बघायला यायची, रांग लावायची. पुढे १९७३ ला आम्ही परत आलो तेव्हा मुंबईत दूरदर्शन नुकतं सुरू झालेलं होतं पण नाशिकला टीव्ही यायला बरीच वर्षं गेली, त्यामुळे काउबॉय म्हणजे काय हे वाड्यात कुणाला सांगून कळेना. दोर मात्र सगळ्यांना कळला. ताईने अंगणातल्या पेरूच्या झाडाची फांदी फासात पकडून दाखवली आणि वाड्यात तिची जागा पक्की झाली.

आता प्रवासाकडे येतो. हे २०१७ च्या ऑक्टोबरातलं. भाची गाडीने सोडते म्हणत होती पण ताईला बसनेच जायचं होतं, लहानपणी जायचो तसं. वॉलथमहून ७० नंबरची बस आर्सेनल स्ट्रीट, मग नदी ओलांडून वेस्टर्न अव्हेन्यू करत सेंट्रल स्क्वेअरला जाते. बस आली, ड्रायव्हरने ताईची कुबडी बघितली आणि न सांगता बसची पुढची बाजू फुस्स करून फुटपाथपर्यंत खाली आणली. ताई म्हणाली, “बंडू, आपल्या वेळी आई मला काखेत धरून चढवायची.” रस्त्याच्या कडेला मेपल पेटलेले, लाल, नारिंगी. वेस्टर्न अव्हेन्यूवर उतरून आतल्या गल्लीने सोल्जर्स फील्ड रोडला गेलो. त्या रस्त्यावर गाड्या भरधाव जातात, पलीकडे लगेच चार्ल्स नदी, आणि अलीकडे ते स्टेशन, बैठी, पसरलेली इमारत. १९५४ च्या कॅरल चक्रीवादळात इथला उंच टॉवर पडला होता.

बूमटाउनचं काउबॉय गाव या स्टेशनच्याच मागे बांधलेलं होतं. त्याचं आता काही शिल्लक नाही. पार्किंग, कुंपण, पांढऱ्या डिश अँटेना. गेटवरचा गार्ड तरुण होता, त्याला रेक्स ट्रेलर माहीत नव्हता पण ताईने सांगितलं तसं त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आत सोडता येणार नाही म्हणताना त्यालाच वाईट वाटलेलं दिसलं. ताई कुंपणाला धरून बराच वेळ उभी राहिली. मी फोटो काढले, त्यात बघण्यासारखं काही नाही, गाड्या आहेत नुसत्या, तरी ते मी जपून ठेवलेत.

नदीकाठी हर्टर पार्क आहे, तिथे बाकावर बसलो. शेजारी एक बाई कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या, साठीच्या पुढच्या असतील. ताईने सरळ विचारलं, तुम्ही इथल्याच का, बूमटाउन आठवतं का? त्या बाईंचा चेहरा असा उजळला! वॉटरटाउनमध्ये वाढलेल्या, ब्राउनीच्या, म्हणजे स्काउटमधल्या छोट्या मुलींच्या, गटाबरोबर कार्यक्रमात गेल्या होत्या. स्टुडिओतले दिवे इतके गरम होते म्हणे की लोकरी मोजे पायाला टोचायला लागले, आणि रेक्स गुडघ्यावर बसून एकेका मुलाशी बोलायचा, वाकून नाही, बसून. हे ऐकून ताई माझ्याकडे बघायला लागली. मग दोघींनी ‘हूफबीट्स’ची, म्हणजे त्याच्या टायटल गाण्याची, चाल गुणगुणली. शब्द ताईला जास्त येत होते.

हे सगळं बंद का पडलं हेही त्या बाईंशी बोलताना निघालं. होस्टने कार्यक्रमातच मुलांना माल विकायचा ही तेव्हाची सर्रास पद्धत होती, खेळणी, ब्रेड, सीरियल, काहीही, आणि स्थानिक स्टेशनांचा पैसा बराचसा त्यातूनच यायचा. त्याच्याविरुद्ध आवाज उठवणारी ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटना १९६८ ला उभी राहिली तीसुद्धा इथेच, शेजारच्या न्यूटनमध्ये, पेगी चॅरेन आणि मुलांच्या काही आयांनी मिळून काढलेली. होस्टने जाहिरात करायची नाही असे नियम ७० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. मला विचाराल तर त्या आयांचं बरोबरच होतं, ज्याच्यावर पोराचा देवासारखा विश्वास आहे त्याने त्याला सीरियल विकू नये. पण त्या नियमांनी पैसा आटला, नेटवर्कची तयार कार्टून स्वस्त पडायला लागली, आणि गावोगावचे काउबॉय एकामागून एक गेले. टेपही त्या काळी पुसून परत वापरायचे, म्हणून बूमटाउनचं चित्रण फारच थोडं उरलंय. भाचीने रात्री फोनवर शोधून त्यातलं थोडं दाखवलं तर ताईने तो फोन हातातून सोडला नाही.

नंतर सेंट्रल स्क्वेअरला जाऊन आमचं जुनं घर बाहेरून बघितलं, जिने आहेत तसेच. मग रेड लाइन मेट्रोने पार्क स्ट्रीटला उतरून बोस्टन कॉमनमधून हळूहळू बॉयल्स्टन स्ट्रीटपर्यंत, कारण तिथे इमर्सन कॉलेज आहे आणि रेक्स पुढे बरीच वर्षं तिथे टीव्हीसमोर कसं उभं राहायचं, कसं बोलायचं ते शिकवायचा. २०१३ च्या जानेवारीत गेला, ८४ व्या वर्षी. कॉलेजची पोरं कॅमेरे, ट्रायपॉड घेऊन फुटपाथवर शूट करत होती, ताई त्यांना बघत कॉफी पीत बसली आणि मला म्हणाली, “यांच्या सरांचे सर असतील की रे त्याच्या हाताखालचे.”

आता तिच्या डोक्यात थर्बर आहे. रेक्सचा जन्म तिथला, टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या पश्चिमेला. एकेकाळी कोळसा आणि विटांवर चालणारं मोठं गाव, १९३० च्या दशकात कंपनीने गाशा गुंडाळला आणि गाव ओस पडलं, आता एक उंच विटांचं धुराडं, एक म्युझियम आणि थोडीफार वस्ती एवढंच आहे. डॅलसला मावसभाऊ आहे, इंटरस्टेट २० ने सरळ रस्ता. त्याच्याशी फोनवर बोलून झालंय, तो म्हणतो या पण एप्रिलमध्ये या, तिकडचा उन्हाळा ताईला झेपायचा नाही. ताई म्हणते मार्चमध्येच जाऊ.